एक नंबरचे दोन स्विच

साताऱ्याचं एक रुग्णालय सांगलीच्या रुग्णालयाच्या ट्रस्टने चालवायला घेतलं तेव्हा दोन्ही गावांत सत्कार झाले. दोन कुटुंबं एक झाली, असं चार वक्त्यांनी सांगितलं. माझ्याकडे आलेलं काम दोन स्विच एक करण्याचं होतं.

हा स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. रुग्णांचे स्कॅन साठवणाऱ्या डिस्कच्या कपाटाला डॉक्टरांच्या संगणकांशी जोडणारी ती चपटी पेटी. तिच्यावर ओळीने पोर्ट, म्हणजे केबल खुपसायची तोंडं असतात. कोणत्या पोर्टने कोणाशी बोलायचं याचे गट पाडून द्यावे लागतात. गटाबाहेरच्याला काहीच दिसत नाही. साताऱ्याचं कपाट आणि स्विच टेम्पोतून सांगलीला आले होते. सांगलीच्या स्विचवर एकच पोर्ट रिकामा होता. त्यात केबल घालून साताऱ्याचा स्विच जोडला, की तिकडचे जुने स्कॅन इकडे दिसणार होते.

सकाळी आठला केबल घातली. स्विचांनी एकमेकांना घरात घ्यायला नकार दिला. एका जाळ्यात दोन स्विचांचा क्रमांक सारखा चालत नाही, आणि दोघांचाही क्रमांक एक होता. दोघांवर पितळी पट्टीही होती: 'क्रमांक १'. खंडेनवमीचं हळदकुंकू पट्टीच्या खाचांत अजून शिल्लक होतं. बसवणाऱ्याने साताऱ्याच्या स्विचला मुळात तीन क्रमांक दिला होता, पण उद्घाटनाच्या सकाळी तिथल्या व्यवस्थापकांनी तो बदलून एक करायला लावला, असं मला नंतर कळलं.

सांगलीचा स्विच बंद करणं शक्य नव्हतं. अतिदक्षता विभाग त्यावर चालला होता. म्हणजे क्रमांक साताऱ्याचा बदलायचा, एकचा दोन करायचा. त्यासाठी त्यांच्या व्यवस्थापकांची सही हवी. हा नियम करारात मीच घातला होता, त्यामुळे कुणाला दोष देण्याची सोय नव्हती.

"दोन? म्हणजे आम्ही इथे येऊन दुय्यम?" साताऱ्याचे व्यवस्थापक म्हणाले.

"पेटीला काय कळतंय साहेब," सांगलीचे व्यवस्थापक म्हणाले. "करा की सही."

"मग तुमचीच करा दोन."

चहा आला. दोघांनीही एकमेकांना आधी घ्या म्हणून आग्रह केला. तेवढ्यापुरता पहिला नंबर कुणालाच नको होता.

मी बाहेर आलो. दारापाशी बाकावर औंधकडचे एक निवृत्त सुभेदार सात वाजल्यापासून बसले होते. त्यांच्या बायकोचं ऑपरेशन त्या दिवशी होतं. साताऱ्यात काढलेला जुना स्कॅन शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय सर्जन हात लावणार नव्हते. नवा काढायचा तर रंगाचं इंजेक्शन द्यावं लागणार, आणि तिच्या मूत्रपिंडांना ते झेपणारं नव्हतं. अकरापर्यंत स्कॅन दिसला नाही तर ऑपरेशन पुढच्या आठवड्यावर जाणार होतं, आणि आठवडाभर थांबण्यासारखं दुखणं नव्हतं.

"आवं साहेब, अडलंय कुठं?"

मी सांगितलं.

"दोनच द्यायला पायजे असं हाय का?"

"नाही. वेगळा असला म्हणजे झालं."

त्यांनी खिडकीतून खाली उभ्या असलेल्या साताऱ्याच्या व्यवस्थापकांच्या गाडीकडे पाहिलं. "मग अकरा द्या की. एमएच अकरा. रोज घिऊनच फिरत्यात."

मी आत जाऊन सांगितलं. साताऱ्याच्या व्यवस्थापकांनी लगेच सही केली. अकरा हा जिल्ह्याचा आकडा, त्यात कमीपणा नव्हता. सांगलीचे व्यवस्थापक मात्र विचारात पडले.

"तसं बघितलं तर आपला दहा व्हायला पाहिजे. सांगली एमएच दहा."

"तुमचा बंद करता येत नाही."

"नंतर कधीतरी करू," ते म्हणाले. पट्टी बदलण्याचा खर्च कोणत्या खात्यात टाकायचा, हेही त्यांनी विचारलं.

साडेनऊ झाले होते. खरं काम पुढेच होतं. साताऱ्याचे गट 'स्विच एक, पोर्ट पाच' अशा पत्त्यांवर लिहिलेले होते. क्रमांक बदलून तसंच जोडलं असतं तर ते पत्ते सांगलीच्या पोर्टांकडे गेले असते आणि भलत्याच यंत्राला भलतं कपाट दिसलं असतं. त्यात 'एक्स-रे' नावाचा गट दोन्हीकडे होता, आतली मंडळी वेगळी. केबल काढली, साताऱ्याचा स्विच थांबवला, अकरा केला. मग एकेक गट नव्या पत्त्यावर लिहिला, नावांपुढे गावाचं नाव जोडलं, आणि दोनदा वाचून पाहिलं. व्यवस्थापक तोवर नव्या पट्टीच्या मजकुरावर बोलत होते.

दहा चाळीसला केबल पुन्हा घातली. स्विच एकत्र आले. वरच्या मजल्यावरून सर्जनांचा फोन आला: स्कॅन उघडला, रुग्णाला घेतो.

मी बाहेर येऊन सुभेदारांना सांगितलं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"चहा घेणार?" मी विचारलं.

"तिला कालपास्नं पाणीबी न्हाई," ते म्हणाले. "ती भाईर आल्यावर घिऊ."