टिप्याचं पाप बाळ्याच्या माथी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझी झाडून सगळी लबाडी ठाऊक आहे — चहात चोरून घातलेली साखरसुद्धा — पण ही नाही. आज तुम्हाला सांगतोय. का? काय माहीत!

मी उंब्रजला मास्तर होतो तेव्हाची गोष्ट. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. आमच्याकडे टिप्या नावाचं कुत्रं होतं, कडेगावच्या मेव्हण्यानं पिशवीत घालून आणून दिलेलं. मी शाळेतून आलो की अंगणभर असा नाचायचा, की वाटावं मी लढाईवरून परत आलोय. लाडावला होता लेकाचा. मीच लाडावून ठेवला होता.

त्याची एक खोड. परसाकडं जायला त्याला मऊ माती लागायची — मग कुणाचं अंगण असो, कुणाचं दार असो. मी काय करायचो? आभाळाकडे बघत पुढे चालायचो. दर शनिवारी पोरांची नखं तपासणारा, स्वच्छतेवर तास घेणारा मी. मास्तरनं कुत्र्याचं उचलायचं? छे! पण ते गल्लीचं झालं. गल्लीला ते दिसतच होतं. मला सांगायचंय ते दुसरंच.

आमच्या शेजारी तालीम होती. तिथले वस्ताद अंगानं आडदांड, पण पोरांवर ओरडतानाही त्यांना हसू आवरायचं नाही. त्यांचं कुत्रं बाळ्या. म्हातारं, दिवसभर तालमीच्या उंबऱ्यात पसरलेलं. पैलवान त्याला ओलांडून आत जायचे, पण उठवायचे नाहीत. आत हौदा — कुस्तीची तांबडी माती, ताक, तेल, हळद घालून मळलेली. पाय धुऊन, ती माती कपाळाला लावल्याशिवाय तिथे कुणी उतरत नसे.

एका रविवारी दुपारी तालमीत कुणी नव्हतं. टिप्यानं झोपलेल्या बाळ्यावरून उडी मारली आणि आत. मी मागोमाग गेलो, तर हा — काय सांगू — हौद्याच्या मधोमध बसलेला. बसून झालंही होतं. कोपऱ्यात फावडं होतं. मी ते पाहिलं. उचलून उकिरड्यावर टाकायला किती वेळ लागला असता? पण बाहेर पडताना कुणी बघितलं असतं तर? मी चपलेनं वर माती सारली. चप्पल घालून हौद्यात उतरलो होतो, ते वेगळंच! टिप्याला काखोटीला मारलं, घरी आलो, चहा प्यालो.

संध्याकाळी एक पैलवान चितपट झाला. उठला तेव्हा त्याच्या पाठीला — समजलात ना. हसू येतंय? मलाही आलं असतं, पुढचं घडलं नसतं तर.

उंबऱ्यात बाळ्याच होता. दुसऱ्या कुणाचं नाव येणार? पोरं भडकली. दुसऱ्या दिवशी वस्तादांनी सगळी माती उपसायला लावली, नदीकाठची नवी आणवली. मीही चाळण घेऊन माती चाळायला बसलो — शेजारधर्म! वस्ताद म्हणाले, "आवं गुरुजी, तुमी कशाला हात घान करताय?" मी चाळत राहिलो.

मग बाळ्याला त्यांनी कवठे महांकाळकडे परतणाऱ्या एका मेंढक्याच्या हवाली केलं. मातीपुढं कुत्रं मोठं न्हाई, एवढंच म्हणाले. त्या म्हाताऱ्या जिवाला भरभर चालवेना, तर खांद्यावर घेऊन हमरस्त्यापर्यंत गेले. मी दारात उभा, टिप्या माझ्या पायाशी. दहा पावलांवरून गेले ते. तेव्हा तरी तोंड उघडावं की नाही माणसानं? नाही उघडलं. टिप्याला घालवायला लावतील ही भीती होती, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठी भीती माझ्या अब्रूची होती.

त्यानंतर मात्र मी टिप्यामागून खुरपं आणि राखेचा डबा घेऊन फिरायला लागलो. राख टाकायची, उचलायचं, उकिरड्यात पुरायचं. लोक आधी फिदीफिदी हसले, मग कौतुक करायला लागले. गल्लीत कुत्री पाळणाऱ्या आणखी दोघातिघांनी डबे घेतले. शाळेच्या गॅदरिंगला माझा सत्कार झाला, नारळ आणि फेटा. घेतला मी. मान खाली घालून घेतला, तर लोकांना तो विनय वाटला.

चार-पाच वर्षं गेली. एका सकाळी वस्ताद तालमीच्या कट्ट्यावर एकटेच बसले होते. त्यांनी दुसरं कुत्रं पाळलंच नाही. मी खुरपं-डबा घेऊन चाललो होतो, तर हाक मारून शेजारी बसवलं. टिप्याची मान खाजवू लागले.

मग म्हणाले, "गुरुजी, माजंच चुकलं बगा. तुमच्यागत मीबी त्याच्या मागं फिरलो आसतो, तर बाळ्या आज हितं आसता. मुक्या जिवाचा काय दोष? मालकाला कळाय पायजे हुतं."

टिप्या त्यांचा हात चाटत होता.

आणि मी म्हणालो, "व्हय, वस्ताद."