लाल गाडीच्या बॅटरीवरचा टॅग

आमच्या घरात देवघर नव्हतं, पत्रकघर होतं. बैठकीतल्या लोखंडी कपाटाचे खालचे दोन कप्पे पत्रकांनी भरलेले असत. संपाची, जयंतीची, कंत्राटी कामगारांच्या सभेची, नळाला पाणी येत नाही म्हणून काढलेली. घरात बोलायचो मराठी, पण गाव भिलाई, म्हणून पत्रकं हिंदीत, आणि मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. बाकीच्या मुली ससा आणि कासव वाचत होत्या तेव्हा मी 'भारी संख्या में पहुँचें' न अडखळता वाचत असे.

अशा घरात बाबांनी निवृत्तीनंतर एक लाल स्पोर्ट्स कार आणली.

सेकंडहँड, परदेशी, दोन सिटांची, कापडी छताची. आधी ती एका डॉक्टरची होती. कंबर धरली म्हणून त्याने विकली. गाडी जमिनीपासून इतकी खाली की बसायचं म्हणजे जवळजवळ झोपायचंच. इंजिन मागे आणि पुढे लहानसा खड्डा, त्यात बॅटरी आणि एक पिशवी मावेल एवढी जागा. स्मृति नगरमधल्या आमच्या गल्लीत सगळे नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांनी म्हातारपणासाठी पांढऱ्या गाड्या घेतल्या होत्या.

शेजारच्या काकांनी विचारलं, "भाई साहब, इंजन पीछे है तो आगे क्या रखते हो?"

"भाजी," आईने आतूनच उत्तर दिलं. मग मला म्हणाली, "घरात आपुन तिघं. गाडीत सिटा दोन. तिसरी मी. माह्यासाठी इंजनावर जागा ठेवली तुह्या बापानं."

मी त्या वर्षी एका पत्रकात खासगी मोटारींना 'सड़क पर चलता हुआ घमंड' म्हटलं होतं. आता तो घमंड आमच्याच दारात उभा होता आणि दुपारच्या उन्हात मीच त्याच्यावर ताडपत्री टाकत होते. चळवळीतल्या मैत्रिणी घरी यायच्या तेव्हा मी त्यांना मागच्या दाराने आणायचे.

एकदा बाबांना सरळ विचारलं, ही गाडी कशासाठी. बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात, म्हणजे प्लांटमध्ये, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. भट्टीचं तापमान, वाफेचा दाब, हवेचा वेग दाखवणारी मीटरं दुरुस्त करणं हे त्यांचं सगळं आयुष्य.

"बत्तीस वर्ष दुसऱ्याच्या भट्टीचं मीटर पाह्यलं," ते म्हणाले. "एक मीटर आपलं पायजे. आपण चाललो तर चालणारं."



आणि नेमकं तेच मीटर बिघडलं. गाडीचा वेग आणि एकूण किलोमीटर एका काचेच्या पट्टीवर आकड्यांत उमटत. भिलाईच्या दोन उन्हाळ्यांनी ती पट्टी शिजली. आधी आकड्यांचे पाय गेले, मग एक काळा डाग मधोमध पसरला. बाबा चाळीसने चालवत असले की पट्टी काहीच दाखवत नसे, आणि गाडी उभी असली की आठ दाखवे. हे निर्णायक झालं कारण गाडीची पंधरा वर्षं संपली होती आणि नोंदणी पुढे वाढवायची तर तपासणी होती. तपासणीच्या साहेबांनी पहिल्या फेरीत सगळं पाहिलं, ब्रेक, दिवे, धूर. शेवटी पट्टीकडे बोट केलं. "यह नहीं चलेगा. सोमवार को दिखा दो, नहीं तो फिर गाड़ी का कुछ नहीं हो सकता." म्हणजे भंगार. ती वितळून तिच्या सळ्या झाल्या असत्या, आणि माझ्या पत्रकांच्या हिशेबाने हा वर्गसंघर्षातला फारच स्वच्छ विजय होता. पण त्या दिवशी बाबांनी परत येताना एकदाही पट्टीकडे पाहिलं नाही, आणि मला विजयाचा आनंद जमेना.

रायपूरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये टाय घातलेल्या मुलाने सांगितलं की पट्टी वेगळी मिळत नाही, अख्खा डॅशबोर्ड बदलावा लागतो, आणि अख्खा डॅशबोर्ड आता बनत नाही. म्हणजे जे बदलता येतं ते विकत नाहीत आणि जे विकायला हवं ते बनवत नाहीत. हे वाक्य मी त्याच्यासमोरच म्हटलं. त्याने पाणी आणून दिलं.

पट्टी शेवटी इंटरनेटवर सापडली. एकच होती. ती फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून शनिवारी आली. बसवायची आपणच, हे मी जाहीर केलं. दुरुस्तीचा हक्क, ज्ञानावरची मक्तेदारी, वगैरे. बाबांना हे भाषण नको होतं, त्यांना माझे हात हवे होते. त्यांचे स्वतःचे हात दोन वर्षांपासून थरथरत होते. केसाएवढ्या तारांची चपटी फीत सॉकेटमध्ये सरकवणं त्यांना आता जमत नव्हतं, आणि हे त्यांनी एवढ्याच शब्दांत सांगितलं होतं: "बारीक काम तू कर."

इथे मला माझ्या एका पत्रकाबद्दल सांगावं लागेल. आदल्या वर्षी एका खासगी रोलिंग मिलमध्ये कंत्राटी कामगाराचा हात भाजला. मशीन बंद करून, स्विचवर 'काम चालू आहे' असा टॅग लावून तो आत हात घालून बसला होता आणि दुसऱ्याने तो टॅग काढून स्विच टाकला. कारखान्यांतला नियम साधा आहे: ज्याने टॅग लावला त्यानेच तो काढायचा. साहेब आला तरी, मंत्री आला तरी. मी त्यावर गुलाबी कागदावर पत्रक काढलं आणि गेटवर उभी राहून वाटलं. मथळा जाड अक्षरांत होता: 'दूसरे का टैग हटाने वाला मज़दूर नहीं, गद्दार है।'

बाबांनी ते नाश्त्याला वाचलं होतं. "गद्दार लिवलं," ते म्हणाले. "त्यानं टॅग कावून काढला, थे कुठं आहे?"

"बाबा, पत्रक आहे, 'का' विचारायला चौकशी समिती नाही."

"हाओ," बाबा म्हणाले आणि पोह्यांवर लिंबू पिळलं.

पत्रकं उरली. शे-दीडशे. आई त्यांच्यावर भज्यांचं तेल निथळवते. मागची बाजू कोरी असल्यामुळे घरात सगळ्या चिठ्ठ्या त्यांच्यावरच लिहिल्या जातात.

रविवारी सकाळी सहाला, ऊन यायच्या आत, काम सुरू झालं. बाबांनी आधी पुढचं झाकण उघडून बॅटरीची काळी तार काढली. मग खिशातून एक गुलाबी कागद, भोक पाडून दोरा ओवलेला, बाहेर काढला आणि तारेला बांधला. त्यावर त्यांचं नाव, प्लांटमधला जुना टोकन नंबर आणि 'काम चालू है'.

"बाबा, आपण दोघंच आहोत इथे. कोण येणार आहे? आई?"

"टॅग दोघांसाठीच असते," बाबा म्हणाले. "एकट्याले कशाले लागते?"

स्टिअरिंगभोवतीचं आवरण निघालं, चार स्क्रू, मग मीटरचा सगळा खोका हातात आला. त्याची मागची पाठ उघडली, जुनी पट्टी काढली. नवीन पट्टीची फीत सॉकेटमध्ये सरकवायला मला पाऊण तास लागला आणि त्यात माझी राजकीय भूमिका किमान दोनदा बदलली. शेवटी बारीक 'टक' झालं. तेवढ्यात नऊ वाजले. रविवारी नऊला बाबा विहारात वंदनेला जातात, घरात साप निघाला तरी जातात.

"पाठ लागली नाही अजून. उघडं आहे सगळं," ते म्हणाले. "मी येतो वापस, मग मी तार जोडतो. तवरीक हात लावू नको."

"हो."

ते गेले. मी सिटात पडून होते. मांडीवर उघडा खोका, त्यात माझ्या हातांनी बसवलेली पट्टी. ती चालते की नाही हे कळायला एक तार जोडायची होती. बाबा यायला तास होता. तास म्हणजे किती असतो हे पाऊण तास श्वास रोखून फीत सरकवणाऱ्या माणसाला विचारा. मी उठले, पुढे गेले, दोरा सोडला, कागद बाजूला ठेवला, तार जोडली. पाठ लावायची तसदी घेतली नाही. चार सेकंदांचं तर काम.

चावी फिरवली. पट्टी उजळली. शून्य, खणखणीत पूर्ण शून्य, सगळे पाय शाबूत. खाली किलोमीटर, कोपऱ्यात बाहेरचं तापमान. मी इतकी खूश झाले की खोका दोन्ही हातांनी डोळ्यांजवळ आणायला गेले, आणि त्याची उघडी पाठ खालच्या लोखंडी कडेला टेकली. चट्. नखाएवढा निळा ठिपका, जळक्या प्लास्टिकचा वास, आणि सगळं काळं. पट्टी, दिवे, सगळं. एकच पट्टी होती आणि उद्या सोमवार होता.

यानंतर मी काय केलं? ज्या व्यवस्थेतले अधिकारी अपघात दाबतात त्या व्यवस्थेवर मी सहा पत्रकं लिहिली आहेत. मी तार काढली, आणि टॅग परत बांधायला घेतला. घाईत तो माझ्या हातात उलटा आला. गुलाबी कागद, जाड मथळा. दूसरे का टैग हटाने वाला. मुद्रणदोष शोधायची सवय म्हणून मी पूर्ण वाचला. एकही नव्हता.

मग बांधला.

बाबा आले. मीटरकडे न जाता आधी बॅटरीपाशी गेले. चष्मा लावून दोऱ्याची गाठ पाहिली. त्यांची गाठ दोन वेढ्यांची, टोक आत खोवलेली, हे मी नंतर नीट पाहिलं. मी बुटाच्या नाडीसारखी बांधली होती, दोन कान काढून. मग बाबा ओट्यावर बसले, आईने दिलेलं पाणी प्यायले.

"मी काढला होता," मी म्हणाले. "आणि लावून पाहिलं. जळलं काहीतरी."

आई दारात थांबली. बाबांनी पेला खाली ठेवला.

"हाताले लागलं?"

"नाही."

"कावून काढला?"

हा प्रश्न मी आदल्या वर्षी पोह्यांसोबत ऐकला होता. तेव्हा उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून तो फार साधा वाटला होता.

"लिवून दे," बाबा म्हणाले, आणि एक कोरी गुलाबी पाठ पुढे केली.

मी पहिला मसुदा केला त्यात नवीन पट्टी एकच उपलब्ध असण्यामागची बाजारव्यवस्था आली. बाबांनी वाचून परत दिला. दुसऱ्यात तपासणीच्या मुदतीचा मानसिक ताण आला. तोही परत. "आवं," आई म्हणाली, "एवढं तर मी लगनात पोरगी पळाली तरी समजावून सांगत नाही." तिसऱ्या कागदावर एकच ओळ झाली, प्लांटच्या रजिस्टरसारखी हिंदीत: 'देखने की जल्दी थी।' बाबांनी ती वाचली, घडी घातली, खिशात ठेवली.

"आता तुहा टॅग लाव. मी हात लावणार नाही."

मी माझ्या नावाचा टॅग बांधला, त्यांच्या गाठीने. त्यांनी मल्टिमीटर आणला. एक फ्यूज उडाला होता; तो आमच्या डब्यात होता. पट्टीचं काय झालं ते मात्र तार जोडेपर्यंत कळणार नव्हतं. मी पाठ लावली, स्क्रू कसले, खोका जागेवर बसवला, आवरण लावलं. बाबा टॉर्च धरून उभे होते, टॉर्चचा उजेड थरथरत होता आणि मी त्यांना एकदाही 'नीट धरा' म्हटलं नाही. मग मी स्वतः जाऊन माझा टॅग सोडला. चावी बाबांनी फिरवली.

शून्य उमटलं. किलोमीटर उमटले, आधी होते तेवढेच. कोपऱ्यातलं बाहेरचं तापमान तेवढं उमटलं नाही. ते कायमचं गेलं. मे महिन्यात, भिलाईत.

"राहू दे," बाबा म्हणाले. "थे आपल्याले समजते."

सोमवारी साहेबांनी गाडी मैदानात फिरवायला लावली. पट्टीवर दहा, वीस, तीस सरकताना पाहिले. "बाहर का टेंपरेचर नहीं आ रहा," ते म्हणाले.

"सर, बाहर का तो बाहर ही है," बाबा म्हणाले.

साहेबांनी कागद मागितले. बाबांनी फाईल दिली. विमा, धुराचा दाखला, जुनं नोंदणीपत्र, आणि त्यांच्यामध्ये नीट पंच करून लावलेला गुलाबी कागद. साहेबांनी तो काढला. एक ओळ वाचली. उलटा केला, मथळा वाचला. परत उलटा केला.

"यह क्या है?"

"मेंटेनेंस रेकॉर्ड," बाबा म्हणाले.

"किसने लिखा?"

बाबांनी माझ्याकडे मान वळवली. "दोनों तरफ इसी ने लिखा है, सर."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पट्टीकडे पाहत राहिले. तिच्यावर शून्य होतं. त्यांनी कागद होता तिथे परत लावला आणि शिक्का घ्यायला आत गेले.