सहा पेट्या आणि आटपाडीची बाग

शिरवळहून टेम्पो सुटला तेव्हा मागे मधमाश्यांच्या सहा पेट्या होत्या आणि पुढे ड्रायव्हरशेजारी मी. भंडाऱ्याकडच्या, सातवीतून शाळा सोडलेल्या माझ्यासारख्याला, बागांना परागीभवनासाठी पेट्या भाड्याने देणाऱ्या मालकांनी पहिल्यांदाच एकट्याला धाडलं होतं. लोणंदला चहा घेण्याआधी मी पेट्यांना कान लावला. आत गुणगुण चालू होती.

आटपाडीचा माळ कोरडा, त्यात एकच डाळिंबाची बाग लाल फुलांनी पेटलेली. बागेचे धनी फौजी काका, लष्करातून निवृत्त झालेले. पेट्या उघडल्या, तर फुलांवर आधीच गर्दी: जाडा काळा भुंगा, मुंगीएवढी बिनडंखी माशी, आणि मधमाशीसारखेच पट्टे असलेली दोन पंखांची फुलमाशी. ती हातावर बसली तसा मी दचकलो.

"भिऊ नगं गड्या," काका म्हणाले. "हिची नुस्ती वर्दी हाय, हत्यार न्हाई."

काकूंनी भाकरी, शेंगदाण्याची चटणी वाढली. दुपारी म्हणाल्या, "पेट्या लय तापल्यात रं. कडूलिंबाखाली ने की."

शंभर पावलांचं अंतर. खाल्ल्या घरी नाही म्हणवेना. नेल्या.

तासाभरात रानात गेलेल्या माश्या परतल्या त्या जुन्याच, रिकाम्या जागी. हवेत घिरट्या, मातीवर पुंजके. सावलीतल्या पेट्यांकडे एकही फिरकेना. मालकांनी कामावरून काढलं तर? तरी काका-काकूंसमोरच फोन स्पीकरवर लावला.

"हलवायची तर तीन फुटांच्या आत, न्हाईतर तीन किलोमीटरच्या पल्याड," मालक म्हणाले. "माशी जागा पाठ करती, पेटी न्हाई. व्हत्या तिथं ठेव. सांगितलं कुणी तुला?"

काकूंचं तोंड उतरलं. काकांनी फोन माझ्या हातातून घेतला. "आवं, हुकूम आमच्या घरचा व्हता. पोरानं पाळला."

मग आम्ही तिघांनी मिळून पेट्या परत आणल्या. काकूंनी वर सावलीला कडब्याच्या पेंढ्या टाकल्या. काकांच्या कानाला डंख बसला, तरी त्यांनी पेटी सोडली नाही. दिवस मावळेपर्यंत माती रिकामी झाली, पेट्या भरल्या.

फुलं संपून बोराएवढी डाळिंबं धरली, तेव्हा मी निघालो. काकूंनी दशम्या बांधून दिल्या. शिरवळला मालकांनी एकेक पेटी उघडून पाहिली. "पुढच्या बागेला बी तूच जा," एवढंच म्हणाले.

शाळेत काही चुकलं की मी दप्तर पोटाशी धरून गप्प बसायचो, आणि एके दिवशी गेलोच नाही. आटपाडीला चूक सांगितली, तर दोन वयस्कर माणसं भर उन्हात पेटीची दुसरी बाजू धरायला आली.