पाहुण्याची भूक

कवळीवाल्याच्या घरात माणसं दोन, कुत्रा एक आणि जबडे साडेतीनशे. जबडे प्लास्टरचे. कामाच्या खोलीत छतापर्यंत फळ्या मारलेल्या होत्या आणि त्यांवर गावातली निम्मी म्हातारी तोंडं ओळीने उघडी मांडून ठेवलेली, प्रत्येकाखाली पेन्सिलीने तारीख. दातांचे डॉक्टर मापं घेऊन पाठवायचे, हा त्या मापांचे साचे करून कवळ्या घडवायचा. एकतीस वर्षं हेच. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. याने दुसऱ्यांचे दात कोरून स्वतःचं आणि आईचं पोट व्यवस्थित भरलं होतं. लग्न तेवढं राहून गेलं. मुलगी बघायला गेला की हा आधी तिचे दात बघायचा, असं आई सांगायची, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

माणूस भलताच काटेकोर. अर्ध्या मिलिमीटरवरून आठवडाभर जेवण गोड न लागणारा. आणि थोडा गर्विष्ठही, हे सांगायलाच हवं. प्रत्येक कवळीत वरचा डावा सुळा तो केसभर आत वळवून बसवायचा. एकसारखे सरळ दात खोटे दिसतात, हे त्याचं म्हणणं. ती त्याची सही होती. दुसऱ्या कुणाला ती दिसत नसे.

कुत्रा सात वर्षांपूर्वी एका दुपारी उघड्या दारातून आत आला आणि आईच्या खुर्चीखाली बसला. आई म्हणाली, "पाहुणा आहे, जाईल." तो काही गेला नाही, नाव मात्र चिकटलं. पाहुण्याचे नखरेही पाहुण्यासारखेच. समोर ठेवलेलं आधी हुंगणार, मग विचार करणार, मग आपल्यावर उपकार केल्यासारखं चार घास खाणार.

एका सकाळी त्याने जांभई दिली आणि कवळीवाल्याच्या हातातलं काम थांबलं. पाहुण्याच्या हिरड्या पांढऱ्याफटक होत्या.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. "याचं शरीर स्वतःच्याच रक्ताला परकं समजून मारतंय, काका. आणखी दोन दिवस गेले असते तर हाताशी काही उरलं नसतं. हिरड्या बघितल्यात म्हणून वाचला. घरातल्यांच्या हिरड्या कुणी बघत नाही हो."

त्यांनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि खुर्ची पुढे ओढून सांगितलं, "आता याला भूक लागेल. तुम्ही कधी पाहिली नसेल अशी. ती गोळीची भूक आहे, त्याची नाही. तिला जेवायला घालायचं नाही. आणि गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही. एकदम थांबवली तर त्यानेच जीव जाईल."

भूक चौथ्या दिवशी आली.

कुत्रा तोच होता, आतलं बिऱ्हाड बदललं होतं. हुंगणं संपलं. त्याने कामाच्या खोलीतलं मेण खाल्लं, साबणाची वडी खाल्ली, पायपुसण्याचा कोपरा खाल्ला. भांडंभर पाणी पिऊन रिकामं भांडं फरशीवर ढकलत राहिला. भुंकणं नाही, कुरकुर नाही. नुसता उभा राहायचा. पूर्वी तो माणसाच्या डोळ्यांत बघायचा, आता तोंडाकडे बघायचा. कवळीवाला बोलायला लागला की पाहुण्याची नजर त्याच्या ओठांवर, आणि बोलणं संपलं तरी ती हलत नसे. कधी तो फळ्यांखाली जाऊन मान वर करून त्या साडेतीनशे उघड्या तोंडांकडे बघत बसे, त्यातलं एखादं काहीतरी खाली टाकेल अशा आशेने. कवळीवाल्याला त्या खोलीत एकतीस वर्षांत कधी भीती वाटली नव्हती. आता पाठीमागे धापा ऐकू यायच्या, वळावं तर पाहुणा पार दारात, आणि आवाज मात्र फळ्यांकडून आल्यासारखा वाटायचा. त्याने स्टूल फिरवून भिंतीला पाठ लावली आणि तसाच काम करू लागला.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं त्याने तंतोतंत केलं. मोजमाप हा तर त्याचा धर्म. दिवसाचं अन्न सकाळीच तोलायचं, त्याचे चार भाग करायचे, पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून त्यात बिनमिठाचा उकडलेला भोपळा आणि शेंगा मिसळायच्या. गोळी जेवणासोबतच. कचऱ्याच्या डब्यावर वीट. सकाळ-संध्याकाळ फिरवून आणायचं आणि दर शनिवारी वजन. पहिल्या शनिवारी काटा अठरावर होता, दुसऱ्या शनिवारी साडेएकोणीस, तिसऱ्या शनिवारी एकवीसच्या जवळ.

"कुणीतरी देतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"घरात मी आणि आई. तिचं ताट मी स्वतः धुतो, शीत उरत नाही. ब्याऐंशीव्या वर्षी ताट पुसून जेवते ती. कवळी कुणाची आहे?"

डॉक्टरीणबाईंना कवळीचं कौतुक नव्हतं. "काका, गोळी हळूहळू उतरवायला अजून तीन महिने लागतील. असंच वजन वाढलं तर त्याचं काळीज तेवढं ओढणार नाही. मग मला ती घाईने उतरवावी लागेल. आणि रक्त पुन्हा उलटलं तर मी काहीही सांगू शकत नाही."

घरी येऊन त्याने आईला विचारलं. "तू देतेस का त्याला काही?"

"मी कशाला देऊ?" आई म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघू लागली.

त्या दिवसापासून जेवणाच्या वेळी पाहुण्याला कामाच्या खोलीत कोंडणं सुरू झालं. तो दार खरवडत नसे. दाराच्या फटीला नाक लावून श्वास ओढत राही, आणि पलीकडे बसून जेवणाऱ्या कवळीवाल्याला आपल्याच ताटातला वास कुणीतरी ओढून नेतंय असं वाटे. आई मांडीवर रुमाल पसरून शांतपणे जेवायची. ताट लख्ख.

चौथ्या शनिवारी बावीस.

याच सुमारास पाहुणा आईच्या खोलीत भिंतीतल्या कपाटासमोर बसू लागला. कपाट बंद, त्याची नजर बंद दारावर. तासन् तास. हाक मारली तर कान हलायचा, मान नाही. दुपारी कवळ्या पोचवायला निघताना कवळीवाल्याला आईच्या खोलीतून हळू आवाजात बोलणं ऐकू यायचं, समजूत घातल्यासारखं.

"कुणाशी बोलतेस?"

"कुणाशी नाही."

"आणि हा तिथे काय बघतो?"

"बघू दे," आई म्हणाली. "ज्याला बघायचंय त्याला दिसतं."

कवळीवाल्याने कवळ्यांची पेटी उचलली. तो घाईने बाहेर पडला.

मग सणाच्या सुट्टीमुळे दोन दिवस सगळे दवाखाने बंद होते आणि तो घरीच राहिला. दुसऱ्या दिवशी आई अंघोळीला गेली असताना पाहुणा कपाटाच्या दाराला भिडला. इतका, की नखातून रक्त आलं. त्याला बाजूला ओढून कवळीवाल्याने कपाट उघडलं. पांघरुणं, त्यांच्यामागे जुनी शाल, शालीमागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

डब्यात रुमालांच्या पुरचुंड्या होत्या, ओळीने लावलेल्या. पावाचे वाळलेले काप. काळी पडलेली सफरचंदाची फोड. उकडलेला बटाटा. प्रत्येक तुकड्याला एक चावा होता. फक्त एक. दुसरा कशालाच नव्हता.

त्याने एक काप खिडकीशी नेला. लोक अक्षर ओळखतात तसा कवळीवाला चावा ओळखायचा. वरचा डावा सुळा केसभर आत. त्याची सही. क्षणभर, आणि हे त्याने पुढे कुणाला सांगितलं नाही, त्याला वाटलं की फळीवरचं एखादं तोंड उतरून आपल्या घरात फिरतंय. मग त्याने काप उजेडात तिरका धरला. उजवीकडे पाव तुटला होता. डावीकडे नुसता दबला होता. सगळ्या तुकड्यांवर तसंच. कवळी एका बाजूला डुगडुगते आणि दुसऱ्या बाजूला हिरडीत रुतते, तेव्हा माणूस असा चावतो आणि लगेच थांबतो. शिकाऊ माणसालाही कळेल असा दोष होता. त्याने डबा होता तसा ठेवला.

तिसऱ्या दिवशी तो कवळ्यांची पेटी घेऊन नेहमीसारखा बाहेर पडला आणि पाव तासाने मागच्या दाराने परत आला. आईच्या खोलीचं दार वीतभर उघडं होतं. भर दुपारचं ऊन फरशीवर. आई खुर्चीत, डबा मांडीवर, पाहुणा समोर.

"खा," आई म्हणत होती. "सावकाश. नीट चावून खा."

वाळका पाव पाहुण्यालाही चावावाच लागत होता. त्याचा जबडा हलू लागला, आणि आईचाही. आईच्या तोंडात काही नव्हतं. डोळे मिटलेले, हात मांडीवर, आणि रिकामं तोंड कुत्र्याच्या लयीत चाललेलं. त्याने गिळलं की तिचा गळा हलायचा. तो ओठ चाटायचा, ती ओठांवरून जीभ फिरवायची. मग दुसरा तुकडा.

कवळीवाला घाबरला. स्वतःच्या आईला घाबरला. आणि त्या भीतीतच त्याला तिचे दंड दिसले, गळ्याच्या शिरा दिसल्या, बोटातून गळू नये म्हणून अंगठीला गुंडाळलेला दोरा दिसला. हे सगळं रोज समोर होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तो आत जाऊन तिच्यापुढे जमिनीवर बसला. "आई, तोंड उघड."

"काही नाही झालेलं."

"उघड."

तिने उघडलं. त्याने कवळी काढली. खालच्या हिरडीवर डाव्या बाजूला जखम होती, जुनी, कडा पांढरट झालेली. पाहुणाही मान वाकडी करून तिच्या तोंडात बघत होता.

सहा महिन्यांपूर्वी आईची जुनी कवळी पडून फुटली, तेव्हा याने फळीवरून तिचा साचा काढला आणि दोन दिवसांत नवी करून दिली होती. साच्याखालची तारीख नऊ वर्षांपूर्वीची. हिरडी दर वर्षी झिजते, जुन्या मापावर नवी कवळी कधी करायची नाही, हे तो तिऱ्हाइतांना दातांच्या कण्या करून सांगायचा. आईचं माप त्याने घेतलंच नाही. आईचं तोंड मला पाठ आहे, असं म्हणाला होता तो. कुत्र्याच्या हिरड्या त्याला एका जांभईत दिसल्या. आईच्या दिसल्या नाहीत, कारण तिथे त्याची स्वतःची कवळी बसलेली होती.

"का सांगितलं नाहीस?"

दातांशिवाय आईचे शब्द ओले आणि बोबडे निघत होते. "कसं सांगू? गावभर सांगत होतास, आई ताट पुसून जेवते म्हणून. वाटलं, होईल सवय." मग थोडं थांबून म्हणाली, "आता तर भूकच लागत नाही रे. हा खातो तेव्हा लागल्यासारखी वाटते."

आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला दोष देणार? तो तिच्या गुडघ्याला डोकं टेकवून रडला, आणि आईने सवयीने त्याच्या केसांतून हात फिरवला. पाहुणा तेवढ्यात डब्यातलं उरलेलं सगळं फस्त करून मोकळा झाला.

जखम भरल्याशिवाय नवं माप घेता येत नव्हतं. दहा दिवस तरी सगळं कुस्करून, पातळ करून द्यायचं होतं. पण आई घेईना. चमचा जवळ आला की ओठ मिटायचे. हट्ट नव्हता तो. शरीर विसरलं होतं. पहिल्या दिवशी दोन चमचे, दुसऱ्या दिवशी एक. ज्यांच्यासाठी तो कवळ्या करायचा त्यांतल्या एका दंतवैद्यांनी ओळखीचा डॉक्टर पाठवला. तो बाहेर येऊन हळूच म्हणाला, असंच राहिलं तर फार दिवस नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी कवळीवाल्याने पाहुण्याच्या तोललेल्या चार भागांतला एक आईच्या खुर्चीसमोर आणून ठेवला. पाहुणा तुटून पडला. आईचा जबडा हलू लागला. त्या हलत्या तोंडात त्याने चमचा सारला, आणि आईने डोळे मिटून गिळलं. दुसरा चमचा गेला. मग पाहुण्याचं भांडं रिकामं झालं आणि आईचं तोंड बंद झालं. सगळा मामला अर्ध्या मिनिटात आटोपला.

भांड्यात वाढवून चालणार नव्हतं. एक दाणा जास्त पडला असता तरी तो शनिवारच्या काट्यावर दिसला असता. कवळीवाला कामाच्या खोलीत गेला. कवळ्यांसाठी वापरायचं ते गुलाबी मिश्रण त्याने कालवलं आणि परातीएवढं ताट ओतलं. हिरडीच्या रंगाचं, मधे बोटभर उंचीचे दाट खुंट, जिभेने खरवडल्याशिवाय शीत निघू नये असे. दुसऱ्या दिवशी तेवढंच अन्न त्याने त्या खुंटांमधल्या खाचांत चेपून बसवलं.

पाहुण्याला ते संपवायला अकरा मिनिटं लागली. आईच्या पोटात नऊ चमचे गेले.