धूर न करणारा कोळसा

अकराव्या मजल्यावरचा हा फ्लॅट मी दोन भेटींत पसंत केला. कोळसा निवडायला मात्र तीन आठवडे लागले.

वडील गेल्यावर आईला घाटकोपरच्या चाळीतून इथे गोरेगावला आणलं आणि तिचं जेवण निम्म्यावर आलं. ताटात रोज अर्धी भाकरी उरायची. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. मला तर ती उरलेली भाकरी बघून भीती वाटायची. एकदा विचारलं, काय खावंसं वाटतं? म्हणाली, निखाऱ्यावर भाजलेला बांगडा. दुसऱ्या कुणी सरळ निखारे पेटवले असते. मी अभ्यासाला बसलो.

फोनवर धूरप्रेमींचा ग्रुप असतो हे मला तेव्हा कळलं. तिथे साधा लाकडी कोळसा वापरणारे आणि दाबून केलेल्या वड्या, म्हणजे ब्रिकेट, वापरणारे एकमेकांचं तोंड बघत नाहीत. ब्रिकेटवाल्यांतही उशीच्या आकाराचे वेगळे आणि षटकोनी, मधे भोकवाले वेगळे. एका सद्गृहस्थाने आंब्याच्या लाकडाने माशाच्या चवीला कशी खोली येते ते मला तासभर समजावलं. शेवटी कळलं की तो स्वतः फक्त पनीर भाजतो. तरी मी सगळं टिपून घेतलं होतं.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी गच्ची दिली, पण एका अटीवर: धूर होता कामा नये. मला ही अट जराही विचित्र वाटली नाही, इतका माझा अभ्यास पुढे गेला होता. मी काळ्या खोक्यातले, सोनेरी अक्षरांचे, षटकोनी ब्रिकेट मागवले. धूर नाही, वास नाही, ठिणगी नाही.

रविवारी सकाळी गच्चीवर शेगडी मांडली. आई प्लास्टिकच्या खुर्चीत ताटली घेऊन बसली. वड्या खरोखरच गुणी निघाल्या. जळत होत्या, पण कुणाला कळू देत नव्हत्या. मीठ-हळद लावलेला बांगडा मी तिच्या ताटलीत वाढला. तिने अर्धा खाल्ला आणि म्हणाली, शिजला आहे. आमच्याकडे याहून वाईट शेरा नाही.

मी घाईघाईने खोकं उचलून तिला वाचून दाखवलं, की हा साधासुधा कोळसा नाही, शंभर टक्के नारळाच्या करवंटीचा आहे.

आईने ताटली खाली ठेवली. मग तिच्या मालवणीत म्हणाली, "माझी करटी कचऱ्यात घातलंस, आणि तीच आता इकत हाडलंस?"

खरं होतं, टाकलेलंच मी विकत आणलं होतं. चाळ सोडताना तिने जाळायला म्हणून वर्षभर जमवलेल्या करवंट्यांचं पोतं बरोबर घेतलं होतं. टॉवरमध्ये पाइपचा गॅस आहे, उगाच झुरळं होतील, असं म्हणून मी ते खालच्या कचऱ्यात टाकून आलो. त्या दिवशी ती काही बोलली नव्हती. मला वाटलं होतं, पटलं. इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल.

घरात करवंटी असण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे खोबरं किसून, पाकिटातून येतं. तसाच उतरलो आणि स्टेशनजवळच्या मालवणी खानावळीत गेलो. मालकीणबाईंनी मागच्या दाराशी वाळत पडलेल्या करवंट्या पिशवी भरून दिल्या. कशाला हव्यात हे विचारलं नाही, फक्त मासा कुठला आहे ते विचारलं.

आईने स्वतः उठून त्या फोडून माझ्या गुणी वड्यांवर रचल्या. धूर असा उठला की सेक्रेटरी वर आले. आईने त्यांना आधी ताटली दिली. धुराबद्दल बांगडा संपल्यावर बोलू, असं त्यांनी ठरवलं असावं, पण संपल्यावर त्यांनी दुसरा मागितला.

आईने दोन खाल्ले. डोकंसुद्धा चोखून साफ केलं. मी धुराचं निमित्त करून डोळे पुसले.

उरलेल्या करवंट्या तिने पिशवीत बांधून आपल्या पलंगाखाली सरकवल्या. मी झुरळांचं नाव काढलं नाही.