गावदेवीला गुण

नेरूळला राहावयास आलो तेव्हापासून शेजारच्या गावठाणातील गावदेवीची चैत्रातील पूजा मी सांगत आलो आहे. लहानसे देऊळ, मागे वड आणि तळे. त्या पट्ट्याची नवी आखणी ठरावयाची होती. त्यासाठी एक नियोजनकार बाई आमच्या सोसायटीच्या सभागृहात संगणक घेऊन आल्या. गावकऱ्यांनाही बोलावले होते. बाग, वाहनतळ, रस्ता, देऊळ यांपैकी ज्याला जे महत्त्वाचे, त्याला त्याने गुण द्यावयाचे. सर्वांचे गुण जुळवून संगणक अनेक आराखडे रचून पाही आणि सर्वाधिक समाधानाचा निवडी.

पडद्यावर निवड उमटली. देवळाच्या जागी करडा चौकोन होता. वाहनतळ.

गावकरी ताडकन उठले. बाईंनी घाईने आकडे तपासले. "देवळाला शून्य आहे. गावातल्यांनीसुद्धा कोणी गुण दिले नाहीत."

"मग झालं ना! त्यांनाच नकोय," आमचे सचिव म्हणाले.

देवीची दिवाबत्ती करणाऱ्या आजी पुढे आल्या. "देवीला गुन देनारी मी कोन? रस्त्याला दिलं, गटाराला दिलं. तिला मापायची व्हय?"

"आजी, आता द्या. नाहीतर हाच आराखडा आज मंजुरीसाठी वर जाईल."

आजींनी हात जोडले, पण मान हलवली. "नाय."

"काका, तुम्ही पूजा सांगता, तुम्हीच समजवा," सचिव माझ्याकडे वळले. मागे कोणीतरी खुर्ची आपटली. तो आकडा माझ्याच्यानेही दाबवला नसता.

मी बाईंना म्हटले, "पूजेत आसन आधी मांडतात. गंध, फुले यथाशक्ती कमीअधिक होतात. आसनाचा प्रश्न निघत नाही. देऊळ, वड, तळे आधी मांडा. गुण उरलेल्या जमिनीपुरते धरा."

"म्हणजे ती जागा अट म्हणून घालायची," त्या पुटपुटल्या. "चालेल. पण बहुमत लागेल."

त्यांनी तसे करून दाखवले. देऊळ जागच्या जागी राहिले. वाहनतळ सरकून आमच्या इमारतीसमोरच्या नियोजित बागेवर बसला.

"आपली बाग गेली, काका! तुम्ही आमचे की त्यांचे?" सचिव ओरडले.

मी हात वर केला. गावाचे हात होतेच. आमच्याकडचे फार सावकाश, एकेक करून वर आले. सचिवांचा आला नाही. बाईंनी हात मोजले आणि होकारार्थी मान हलवली.

आजी मात्र उभ्याच. "उद्या परत इचारशील का, पोरी?"

"नाही आजी. त्या जागेचा आता प्रश्नच नाही."

तेव्हा कुठे त्या खाली बसल्या.