घड्याळवाल्या काकांची प्रार्थना

खोपटला माझ्या झेरॉक्सच्या दुकानाशेजारी घड्याळं दुरुस्त करणारे एक काका बसतात. ते बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडचे मराठी बोलणारे ज्यू, जन्मापासून ठाण्यातले. बोलताना डोळ्यावरचं भिंग काढत नाहीत आणि दर दोन वाक्यांनी "बघा हं" म्हणतात. शनिवार त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस, म्हणून शुक्रवारी ऊन उतरायच्या आत शटर ओढतात, ते थेट रविवारी उघडतात. आम्ही बौद्ध, देवाकडे काही मागत नाही. म्हणून मला त्यांच्या प्रार्थनेचं कुतूहल.

काकू आजारी होत्या तेव्हा ते रोज काउंटरवर बसून स्तोत्रं म्हणायचे. काकू गेल्या. सात दिवसांचं सुतक पाळून ते परत आले, तेव्हा मला राहवलं नाही.

"काका, देवानं ऐकलं का हो?"

भिंगाआडूनच ते म्हणाले, "बघा हं. आमच्या धर्मग्रंथातल्या दावीद राजानं आपल्या आजारी बाळासाठी सात दिवस उपास केला. बाळ गेलं. मग तो उठला, आंघोळ केली, देवाच्या घरी जाऊन आला आणि जेवला. ऐकलं की नाही, ते त्यानं विचारलं नाही."

"आणि तुम्ही?"

"मी सिनेगॉगमध्ये जाऊन आलो. जेवण अजून जात नाही."

मी माझा डबा उघडून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी हात धुतले, काहीतरी पुटपुटले आणि अर्धी चपाती खाल्ली.